दावा कोणाचा, दुःख कोणाचे

मुंबईच्या फोर्ट भागात शहीद भगतसिंग मार्गावर ग्रेट वेस्टर्न बिल्डिंग नावाची एक जुनी इमारत आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे सुप्रीम कोर्ट इथे भरत असे. २५ जानेवारी १८६२ रोजी या कोर्टात अब्रुनुकसानीचा एक दावा सुनावणीस निघाला. वादी होते सुरतेचे जदुनाथजी ब्रिजरतनजी महाराज, वल्लभ संप्रदायाचे एक धर्मगुरू. प्रतिवादी दोन होते. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती साप्ताहिकाचे तिशीही न गाठलेले संपादक करसनदास मूळजी आणि त्यांचे पारशी मुद्रक नानाभाई रुस्तमजी राणीना. महाराजांची मागणी होती पन्नास हजार रुपयांची.

हीच ती ‘महाराज लायबल केस’. २०२४ साली तिच्यावर ‘महाराज’ नावाचा हिंदी चित्रपट आला. गुजरात उच्च न्यायालयाने आधी त्याचे प्रदर्शन थांबवले आणि आठवडाभरात ती स्थगिती उठवली. त्यामुळे अनेकांना ही गोष्ट नव्याने कळली. एक धीट पत्रकार, एक बलाढ्य धर्मगुरू आणि शेवटी सत्याचा विजय अशी ती सांगितली जाते. ती खोटी नाही. पण मला तिच्यात एक जागा रिकामी दिसते, आणि आज त्या रिकाम्या जागेविषयीच मला बोलायचे आहे.

आधी खटला काय होता ते पाहू.

करसनदास १८३२ साली जन्मले. जातीने कपोळ वाणी, शिक्षण एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये. विधवाविवाहावर निबंध लिहिला म्हणून ज्या नातलग बाईंनी त्यांना सांभाळले होते, त्यांनीच त्यांना घराबाहेर काढले. पुढे १८५५ मध्ये त्यांनी ‘सत्यप्रकाश’ सुरू केले. त्यांचे स्वतःचे घराणे वैष्णव होते. म्हणजे टीका करणारा माणूस बाहेरचा नव्हता, घरातलाच होता.

वल्लभाचार्यांचा पुष्टिमार्ग ही भक्तीची एक थोर परंपरा आहे. सूरदासांची पदे तिच्या हवेल्यांत गायिली गेली. परंतु एकोणिसाव्या शतकात या संप्रदायाच्या काही महाराजांभोवती एक विलक्षण सत्ता जमा झाली होती. मुंबईतले श्रीमंत भाटिया आणि वाणी व्यापारी त्यांचे अनुयायी होते. तन, मन आणि धन गुरूला अर्पण करावे, ही शिकवण होती. गुरू हा कृष्णाचाच अंश, ही श्रद्धा होती. या अर्पणाचा शब्दशः अर्थ लावून काही महाराज अनुयायांच्या बायका-मुलींचा उपभोग घेतात, असा आरोप करसनदासांनी २१ ऑक्टोबर १८६० च्या अंकात उघडपणे केला आणि त्यात जदुनाथजींचे नाव घेतले. हिंदूंचा मूळ धर्म वेगळा आणि हे पाखंड वेगळे, असा त्या लेखाचा रोख होता.

गंमत पाहा. याच्या काही काळ आधी, १८५९ च्या सुमारास, दुसऱ्या एका महाराजांना कोर्टात हजर राहण्याचा प्रसंग आला होता. तेव्हा अनुयायांकडून एका करारावर सह्या घेतल्या गेल्या. महाराजांना कोर्टाच्या हजेरीतून सूट मिळवावी आणि महाराजांविरुद्ध लिहिणाऱ्यास जातीबाहेर टाकावे, असा त्याचा आशय होता. करसनदासांनी त्या कागदाचे नावच ठेवले ‘गुलामीखत’. ज्यांनी कोर्टाची पायरी चढणे कमीपणाचे मानले, त्यांच्यापैकीच एकाने १८६१ च्या मे महिन्यात स्वतः होऊन दावा ठोकला. लेखाने झालेली बदनामी धुऊन काढायची तर दुसरा इलाज नव्हता.

खटला उभा राहण्यापूर्वीच साक्षीदारांचा बंदोबस्त सुरू झाला. भाटिया जातीची सभा भरली आणि महाराजांविरुद्ध जो साक्ष देईल त्याला वाळीत टाकायचे असे ठरले. करसनदासांनी या पुढाऱ्यांवरच कटाची फिर्याद केली. ‘भाटिया कॉन्स्पिरसी केस’ म्हणून ती ओळखली जाते. डिसेंबर १८६१ मध्ये पुढाऱ्यांना दंड झाला. मुख्य खटल्याइतकेच महत्त्व मी या छोट्या खटल्याला देतो. अशा प्रकरणात न्यायाचे पहिले काम साक्षीदाराला तोंड उघडता येईल अशी जागा करून देणे हे असते.

आणि तोंडे उघडली. मथुरादास लवजी, लखमीदास खिमजी यांच्यासारखे जातीतलेच प्रतिष्ठित व्यापारी प्रतिवादीच्या बाजूने उभे राहिले. पाद्री जॉन विल्सन यांनी धर्मग्रंथांविषयी साक्ष दिली. सर्वांत परिणामकारक ठरली ती डॉक्टरांची साक्ष. त्यात एक नाव आपल्या जवळचे आहे, डॉ. भाऊ दाजी लाड. मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक, पुढे मुंबईचे शेरीफ. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे. महाराजांपैकी काहींवर आपण गुप्तरोगाचे उपचार केल्याचे त्यांनी शपथेवर सांगितले. डॉ. धीरजराम दलपतराम यांचीही साक्ष तशीच झाली. मोठमोठ्या घरांत ज्यांची ये-जा होती, अशा डॉक्टरांनी हे भर कोर्टात सांगणे सोपे नव्हते.

२२ एप्रिल १८६२ रोजी निकाल लागला. मुख्य न्यायमूर्ती सर मॅथ्यू सॉस आणि न्यायमूर्ती सर जोसेफ आर्नोल्ड यांच्यात कायद्याच्या काही मुद्द्यांवर मतभेद होता. पण आरोप खरे आहेत की नाहीत, या मुख्य प्रश्नावर दोघांचेही मत प्रतिवादीच्या बाजूने पडले. जी गोष्ट नीतीच्या दृष्टीने वाईट, ती धर्माच्या दृष्टीने चांगली असू शकत नाही, हे तत्त्व आर्नोल्ड यांनी आपल्या निकालपत्रात अधोरेखित केले. करसनदासांना खर्चापोटी साडेअकरा हजार रुपये मिळाले. त्यांचा खर्च त्याहून अधिक झाला होता.

इथपर्यंत गोष्ट सर्वांना माहीत असते. आता त्या रिकाम्या जागेकडे येऊ.

या खटल्यात वादी कोण? महाराज. प्रतिवादी कोण? संपादक आणि मुद्रक. मुद्दा काय? महाराजांची अब्रू गेली का. ज्या बायका-मुलींच्या देहाविषयी आणि आयुष्याविषयी हे सारे बोलले जात होते, त्यांपैकी कोणीही पक्षकार नव्हती. त्यांच्यावर अन्याय झाला की नाही हे ठरवायला कोर्ट बसलेच नव्हते. त्यांचे दुःख कोर्टात आले ते एका पुरुषाच्या बचावातला पुरावा म्हणून. संपादक सुटला आणि महाराजांचा दावा कोसळला. अन्याय सिद्ध झाला असेही म्हणता येईल. पण त्या अन्यायासाठी शिक्षा कोणालाच झाली नाही, कारण तसा खटलाच नव्हता.

कोणी म्हणेल, मग त्या स्त्रियांनी फिर्याद का केली नाही? त्या वेळचा कायदा उघडून पाहा. भारतीय दंडविधान लागू झाले १ जानेवारी १८६२ रोजी, म्हणजे सुनावणीच्या अवघे चोवीस दिवस आधी. त्यात बलात्कार हा गुन्हा होता, पण संमतीचे वय होते दहा वर्षे. दहा वर्षांच्या मुलीने ‘हो’ म्हटले की कायद्याच्या लेखी विषय संपला. देवाच्या नावाने, घरच्यांच्या आग्रहाने, पुण्य लागेल या भावनेने दिलेला होकार हा होकारच धरला जाई. दुसरा गुन्हा होता व्यभिचाराचा. त्यात फिर्याद करण्याचा हक्क नवऱ्याचा होता, कारण नुकसान त्याचे मानले जाई. बाई स्वतः कुठेच नव्हती. १८६२ साली तिच्यापुढे कायद्याचा एकही खुला मार्ग नव्हता.

या मार्गांचा पुढचा इतिहास मोठा आहे. त्यातले टप्पे तेवढे सांगतो.

१८९१ मध्ये संमतीचे वय दहाचे बारा झाले. तेवढ्यावरूनही किती रणे माजली हे टिळक-आगरकरांच्या काळाचा इतिहास वाचणाऱ्यांना ठाऊक आहे. पण खरा प्रश्न वयाचा नव्हता. समोरच्याच्या हाती सत्ता असेल तर ‘हो’ या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न होता. तो ऐरणीवर आला आपल्याच महाराष्ट्रात, आणि तोही धर्मगुरूमुळे नव्हे, तर पोलिसांमुळे. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याची तक्रार झाली. तिने प्रतिकार केल्याच्या खुणा नाहीत, हे मुख्य कारण देऊन सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले. त्यावर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मान तुकवणे म्हणजे संमती नव्हे, असा त्या पत्राचा गाभा होता. देशभर आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. ताब्यातल्या स्त्रीवरचा बलात्कार हा वेगळा, अधिक गंभीर गुन्हा झाला. बंद दाराआड सुनावणी आली. पीडितेचे नाव छापणे गुन्हा ठरले. त्या मुलीचे नाव मी इथे मुद्दाम घेत नाही.

दुसरा मोठा टप्पा २०१२ आणि २०१३ चा. बालकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा ‘पोक्सो’ कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. मुलगा असो वा मुलगी, अठरा वर्षांखालच्या कोणाचीही ‘संमती’ त्यात गृहीत धरली जात नाही. धार्मिक संस्थेच्या व्यवस्थापनातील किंवा सेवेतील माणसाने त्या संस्थेतल्या मुलावर बलात्कारासारखा अत्याचार केला, तर तो अधिक गंभीर गुन्हा आहे, हे कायद्याने शब्दांत लिहिले. असा गुन्हा ठाऊक असून पोलिसांना न कळवणे हाही गुन्हा आहे. आपल्या हाताखालच्या माणसाचे कृत्य दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. मठ असो, मदरसा असो की मिशनची शाळा, ‘आमचे आम्ही बघून घेऊ’ हे उत्तर आता चालत नाही.

दिल्लीतल्या डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर २०१३ मध्ये बलात्काराच्या कायद्यातही दुरुस्ती झाली. विश्वासाच्या किंवा अधिकाराच्या स्थानावर असलेल्या माणसाने त्या स्त्रीवर केलेला बलात्कार गंभीर प्रकारात आला. किमान शिक्षा दहा वर्षे. बलात्काराच्या व्याख्येत बसत नसेल, तरी अशा स्थानाचा गैरवापर करून स्त्रीला शरीरसंबंधास प्रवृत्त करणे हा वेगळा गुन्हा झाला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही दोन्ही कलमे अनुक्रमे ६४ आणि ६८ या क्रमांकांनी कायम आहेत. १८६२ च्या कोर्टात जो होकार कायद्याला दिसतच नव्हता, त्याच्यामागचे ओझे आता कायद्याला दिसू लागले आहे.

महाराष्ट्राने आणखी दोन पावले टाकली. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला. आपल्यात दैवी शक्ती किंवा दुसऱ्याचा अवतार आहे, किंवा गेल्या जन्मी तू माझी पत्नी होतीस, असे भासवून शरीरसंबंध ठेवणे हा त्याच्या अनुसूचीत गुन्हा म्हणून नोंदलेला आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. ही ओळ वाचताना मला दर वेळी करसनदासांचा लेख आठवतो. दुसरे पाऊल सामाजिक बहिष्काराविरुद्धच्या कायद्याचे. २०१६ मध्ये मंजूर होऊन तो पुढच्या वर्षी लागू झाला. भाटिया पुढाऱ्यांना कोर्टात खेचायला करसनदासांना कटाच्या आरोपाचा आधार घ्यावा लागला होता. आता वाळीत टाकणे हाच गुन्हा आहे.

हे सारे कागदावरच आहे का? नाही. २००२ मध्ये हरियाणातल्या सिरसा इथल्या एका डेऱ्यातील साध्वीचे निनावी पत्र पंतप्रधानांच्या नावे गेले. ‘पूरा सच’ या स्थानिक पत्राचे संपादक रामचंदर छत्रपती यांनी ते छापले. त्याच वर्षी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने ते पत्र मनावर घेऊन तपास सीबीआयकडे दिला. पंधरा वर्षांनी, ऑगस्ट २०१७ मध्ये, डेराप्रमुख गुरमीत राम रहीम बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला. तो खटला उभा राहिला दोन साध्वींच्या साक्षीवर. १८६२ मधली रिकामी जागा इथे भरली गेली. २०१८ मध्ये जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला अल्पवयीन मुलीवरील बलात्काराबद्दल जन्मठेप दिली. त्याच्याविरुद्धच्या प्रकरणांतल्या साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचे जीव गेले. त्यातून सर्वोच्च न्यायालयापुढे याचिका आली आणि डिसेंबर २०१८ मध्ये साक्षीदार संरक्षण योजना देशभर लागू झाली.

प्रत्येक खटल्याचा शेवट असाच होतो असे नाही. केरळमध्ये एका ननच्या तक्रारीवरून २०१८ मध्ये एका बिशपला अटक झाली. २०२२ मध्ये कोट्टायमच्या न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडले. आरोप म्हणजे निकाल नव्हे, आणि आरोपीलाही बचावाचा हक्क आहे. पण एक फरक विसरू नये. त्या ननला स्वतःच्या नावाने न्यायाच्या दारी जाता आले. तिच्या वतीने कोणा संपादकावर दावा होण्याची वाट पाहावी लागली नाही.

अमेरिकेचा अनुभव याबाबत शिकण्यासारखा आहे. जानेवारी २००२ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने कॅथलिक धर्मगुरूंची प्रकरणे उजेडात आणली आणि त्या वर्षअखेर तिथल्या कार्डिनल लॉ यांना पद सोडावे लागले. पण अनेक पीडित तोवर चाळिशी-पन्नाशीचे झाले होते आणि दाव्याची मुदत टळून गेली होती. म्हणून कॅलिफोर्नियाने २००३ मध्ये आणि न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने ठरावीक काळापुरती ती मुदत पुन्हा उघडली. दिवाणी दाव्यांतून धर्मप्रांतांना मोठी भरपाई द्यावी लागली. एकट्या बोस्टनने २००३ मध्ये साडेआठ कोटी डॉलर मान्य केले.

आपल्याकडे भरपाईच्या दिवाणी दाव्याचा हा मार्ग फारसा रुळलेला नाही. मात्र फौजदारी बाजूला एक गोष्ट आपल्या पीडितांच्या हिताची आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. तीन वर्षांहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्याला आपल्या कायद्यात मुदतीचे बंधन नाही. लहानपणी झालेल्या बलात्काराची तक्रार मोठेपणीही करता येते. उशीर का झाला हे न्यायालय विचारील, पण उशीर झाला म्हणून पोलिसांना दार लावता येत नाही.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येते, गुन्हा कुठेही घडलेला असो. पीडित स्त्री असेल तर तिचे म्हणणे महिला अधिकाऱ्याने नोंदवायचे असते. पोलिसांनी नकार दिला तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज करावा आणि तरीही काही न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे जावे. कोणत्याही रुग्णालयाला, ते खासगी असले तरी, मोफत उपचार नाकारता येत नाहीत. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. महाराष्ट्रात २०१३ पासून ‘मनोधैर्य’ योजनेतून अर्थसाहाय्याची सोय आहे. मुलांसाठी १०९८ आणि तातडीसाठी ११२ हे क्रमांक घरातल्या मुलांनाही पाठ असावेत.

अजून एक फट राहिली आहे. बलात्काराचे कलम स्त्रीपुरतेच आहे आणि जुन्या ३७७ कलमाला नव्या संहितेत जागा मिळालेली नाही. सज्ञान पुरुषावर त्याच्या गुरूने अत्याचार केला, तर त्याच्यासाठी तेवढ्या तोलाचे कलम आज नाही. मार्गांचा इतिहास पुरा झालेला नाही, तो असा.

करसनदास १८७१ मध्ये लिंबडीला वारले. वय होते अवघे एकोणचाळीस. विलायतेला गेल्याबद्दल जातीने त्यांना बाहेर टाकले होते. त्यांनी आणि भाऊ दाजींसारख्या साक्षीदारांनी जे केले ते मोठेच होते. आपले पाऊल त्याच्या पुढे पडायला हवे. घरातले एखादे मूल, एखादी सून, एखादा शिष्य खालच्या आवाजात काही सांगू लागला, तर आपल्याला आधी महाराजांची, बाबांची, फादरांची किंवा मौलवींची अब्रू आठवते. १८६२ चा दावा त्याच अब्रूचा होता. समोर बोलणाऱ्याचे ऐकून घ्या, आणि त्याच्या दुःखाचा दावा त्यालाच मांडू द्या.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)